विंडोज ११ नंतर अडलेली डीटीपी आणि शहापूरच्या खडेबाजारातील एक दुरुस्ती दुकान

संगणकाची प्रणाली बदलल्यावर जुने सॉफ्टवेअर अडले, की दुरुस्ती करणाऱ्याची पारख एकाच गोष्टीवरून होते: तो आधी काय बिघडले आहे ते शोधतो, की आधी सगळे पुसून टाकून नव्याने मांडायला बसतो. बेळगावातील शहापूरच्या खडेबाजारातील ज्या दुकानाबद्दल हे लिहीत आहे, तेथे पहिली रीत पाळली जाते आणि ती इतक्या चिकाटीने पाळली जाते, की सीमाभागातील प्रत्येक लहान छापखान्याला या दुकानाची माहिती असावी असे मला मनापासून वाटते. दुकान मामा-भाचीचे आहे. मामा हार्डवेअर पाहतात, भाची सॉफ्टवेअर पाहते. लग्नसराईत दोघांना सांभाळता येईल त्यापेक्षा अधिक काम येते, म्हणून दुकानाचे नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती मी पाळत आहे. शहापूर, वडगाव किंवा टिळकवाडीच्या कोणत्याही प्रेसमध्ये विचारले, तर दुकान कोठे आहे ते सांगतात.

आमचे काम लग्नपत्रिका, शाळांची स्नेहसंमेलनाची पत्रके, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल आणि गावोगावच्या उत्सवांची पत्रके छापण्याचे आहे. गिऱ्हाईक बेळगाव शहरातले असते, तसेच खानापूर, निपाणी आणि सीमेपलीकडच्या चंदगडचेही असते. मजकूर मराठीत असतो, पुष्कळदा कन्नडही असतो, आणि दोन्ही लिप्या एकाच पत्रिकेवर शेजारी शेजारी छापून द्याव्या लागतात. हे सारे काम अजूनही जुन्या पद्धतीच्या डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याच्या, सॉफ्टवेअरवर आणि तशाच कामाच्या पेजमेकर ७.० वर चालते. पेजमेकरची ती आवृत्ती २००१ सालची आहे आणि तिच्यानंतर पुढची मोठी आवृत्ती निघालीच नाही. तरीही आमच्याकडच्या लहान छापखान्यांतून ती गेली नाही, कारण वर्षानुवर्षांच्या पत्रिकांचे साचे तिच्यात आहेत आणि बसणारा हात तिच्यावर तयार झालेला आहे.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या तारखेनंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे बंद होणार होते, आणि आमच्या मुख्य संगणकावरून बँकेचे व्यवहार, जीएसटीचे विवरणपत्र आणि गिऱ्हाइकांचे ईमेल असे सगळेच चालत असल्यामुळे प्रणाली बदलणे टाळता येण्यासारखे नव्हते. संगणक विंडोज ११ साठी पात्र होता. त्यात टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या नव्या प्रणालीला लागणाऱ्या सुरक्षेच्या सोयी होत्या आणि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीनंतरचा होता. अपग्रेड स्वतः कोणताही अडथळा न येता पार पडले, सगळ्या फाइली जागच्या जागी राहिल्या, ब्राउझर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर नीट चालू झाले. अडली ती फक्त डीटीपी, आणि तीही तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिका छापायला घेण्याच्या बेतात.

अडचणी एकाच वेळी चार ठिकाणी दिसत होत्या. मराठी डीटीपी सॉफ्टवेअर सुरू होताना जे यूएसबी लॉक, म्हणजे प्रत विकत घेतल्याची खूण म्हणून संगणकाला जोडायचे छोटे उपकरण, तपासते, ते लॉक संगणकाला दिसेनासे झाले, आणि लॉक दिसत नाही म्हणून सॉफ्टवेअर उघडेना. काही फॉन्ट यादीतून गेले. प्रिंटर चालू होता, पण जाड कागदाचा पर्याय नाहीसा झाला होता. आणि आमची गाठ या दुकानाशी पडण्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी संगणक दाखवला, तेव्हा तेथे केलेल्या खटपटीनंतर पेजमेकरमध्ये मराठी अक्षर उमटणे बंद झाले आणि जुने साचेही दिसेनासे झाले. त्या ठिकाणी शेवटी सल्ला मिळाला तो असा, की संगणक फॉरमॅट करावा, विंडोजची सुरक्षेची एक सोय बंद करावी आणि लॉक न लागणारी, म्हणजे कुलूप तोडलेली प्रत बसवावी. तो सल्ला आम्ही घेतला नाही. आमच्याकडे सॉफ्टवेअर विकत घेतलेले आहे, त्याचे लॉक हातात आहे, आणि ज्या संगणकावरून बँकेचा व्यवहार होतो त्यावर कोणी तरी फोडलेली प्रत बसवणे म्हणजे चोराला घरात राहायला बोलावण्यासारखे आहे.

खडेबाजारातील दुकानात पहिला फरक जाणवला तो विचारपूस करण्यात. संगणक टेबलावर ठेवल्यावर भाचीने तो लगेच उघडला नाही. अपग्रेड केव्हा झाले, त्याआधी काय चालत होते, त्यानंतर कोणी काय बदलले, लॉक कोणत्या काळातले आहे, सॉफ्टवेअरची मूळ सीडी आहे का, असे प्रश्न तिने एका वहीत लिहीत लिहीत विचारले. आम्ही फॉरमॅटची गोष्ट काढली, तेव्हा ती म्हणाली, "काका, फॉरमॅट आधी नको. काय चालंना झालंय ते आधी बघूया की." पुढचे सारे काम याच वाक्याप्रमाणे झाले.

तिने सर्वात आधी हात घातला तो परतीच्या वाटेला. विंडोज ११ मध्ये अपग्रेड केल्यावर जुनी प्रणाली एका वेगळ्या फोल्डरात जपून ठेवली जाते आणि दहा दिवसांपर्यंत मागे जाता येते. ही मुदत संपली किंवा डिस्क साफ करताना ते फोल्डर पुसले गेले, की वाट बंद होते. पुष्कळांना हे ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांतही ही मुदत एका आज्ञेने साठ दिवसांपर्यंत वाढवता येते हे फार थोड्यांना माहीत असते, आणि ती वाढवायची तर मूळ दहा दिवस संपण्याआधीच वाढवावी लागते. तिने ती मुदत वाढवली, डिस्क आपोआप साफ करणारी सोय तात्पुरती थांबवली आणि मग संपूर्ण डिस्कची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घेतली. त्या प्रतीला बराच वेळ लागला आणि तोवर दुरुस्तीला सुरुवात झाली नाही. थांबणे जिवावर येते खरे, पण सराईच्या तोंडावर मागे जाण्याची वाट शिल्लक आहे हे कळल्यावर जी निश्चिंती मिळाली, तिची किंमत पैशात सांगता येणार नाही.

मग लॉक. अशा लॉकवर एक बारीक दिवा असतो आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाची संगणकाशी ओळख करून देणारा प्रोग्रॅम, नीट बसलेला असला की तो लागतो. आमचा दिवा लागत नव्हता, म्हणजे गडबड सॉफ्टवेअरच्याही खालच्या थरात होती. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाची एक सोय आहे, जी प्रणालीच्या गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरांची कसून तपासणी करते आणि तिच्या नियमांत न बसणारे जुने ड्रायव्हर चालू देत नाही. आमच्या लॉकचा ड्रायव्हर सॉफ्टवेअरच्या सीडीबरोबर आलेला, अनेक वर्षांपूर्वीचा होता. आधीच्या ठिकाणी जी सोय बंद करण्याचा सल्ला मिळाला होता, ती हीच. ती बंद केली असती तर दिवा कदाचित लागला असता, पण संगणकाचे एक कवच कायमचे काढून ठेवावे लागले असते. भाचीने जुना ड्रायव्हर पूर्णपणे काढून टाकला, लॉक ज्या कंपनीचे आहे तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून नव्या प्रणालीसाठीचा ड्रायव्हर उतरवला आणि तो बसवला. दिवा लागला, सॉफ्टवेअर उघडले, आणि सुरक्षेची सोय चालूच राहिली. सॉफ्टवेअर बनवणारा आणि लॉक बनवणारा हे बहुधा दोन वेगळे असतात, आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली नसली तरी लॉकचा नवा ड्रायव्हर मिळू शकतो. ही गोष्ट दुरुस्ती करणाऱ्याला माहीत असणे किती मोलाचे आहे, ते त्या दिवशी कळले.

माझ्या मते तिचे खरे कसब दिसले ते पेजमेकरच्या बाबतीत. अक्षरे उमटत नाहीत आणि साचे दिसत नाहीत या आम्हाला दोन वेगळ्या तक्रारी वाटत होत्या. तिने दोन्हींचे मूळ एकाच ठिकाणी दाखवले. आधीच्या ठिकाणी पेजमेकर उघडावा म्हणून त्याच्या गुणधर्मांत ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, म्हणजे संगणकाच्या पूर्ण अधिकाराने, चालवण्याची खूण केलेली होती. जुन्या सॉफ्टवेअरवर ही खूण करणे हा सर्रास चालणारा उपाय आहे आणि काही वेळा तो लागूही पडतो. पण आमचे मराठी टंकन एका वेगळ्या छोट्या प्रोग्रॅममधून होते. तो पार्श्वभूमीला बसून कळफलकावरची कळ पकडतो आणि तिच्या जागी फॉन्टमधले योग्य चिन्ह पाठवतो. विंडोजचा नियम असा आहे, की साध्या अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालणाऱ्या खिडकीत कळा घुसवू शकत नाही, कारण तसे करता आले असते तर कोणताही घातक प्रोग्रॅम प्रणालीचा ताबा घेऊ शकला असता. म्हणून नोटपॅडमध्ये टंकन चालत होते आणि पेजमेकरमध्ये थांबत होते. हा फरक आमच्याही डोळ्यांसमोर होता, पण त्याचा अर्थ आम्हाला लावता आला नव्हता.

साच्यांचे कारण याच खुणेत होते, मात्र ते आणखी जुने आहे. पेजमेकरच्या काळातले प्रोग्रॅम आपल्या फाइली आपल्याच फोल्डरात, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्सच्या आत लिहीत असत. विंडोज व्हिस्टापासून साध्या अधिकाराने तेथे लिहिता येत नाही. पण जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून विंडोज त्यांचे लेखन गुपचूप वापरणाऱ्याच्या खात्यातील व्हर्च्युअल स्टोअर नावाच्या जागी वळवते आणि प्रोग्रॅमला मात्र सगळे आपल्याच फोल्डरात असल्यासारखे दाखवते. आमचे साचे अनेक वर्षे त्या वळवलेल्या जागी साठत गेले होते. ॲडमिनिस्ट्रेटरची खूण केल्यावर हे वळवणे थांबते, पेजमेकरला मूळ फोल्डर दिसू लागते, आणि त्यात साचे नसतात. साचे हरवले नव्हते, आम्ही पाहत होतो ती जागा बदलली होती. फॉरमॅटचा सल्ला मानला असता आणि केवळ डेस्कटॉप व डॉक्युमेंट्सची प्रत काढून घेतली असती, तर ते खरोखरच गेले असते, कारण ते फोल्डर दडवलेले असते आणि प्रत काढताना तिकडे कोणी फिरकत नाही.

उपाय म्हणून तिने ती खूण काढली, व्हर्च्युअल स्टोअरमधले सगळे साचे बाहेर काढले, पेजमेकर काढून तो प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर, सी ड्राइव्हवरच्या एका साध्या फोल्डरात पुन्हा बसवला आणि साचे तेथे ठेवले. आता तो ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराशिवाय आपल्या फोल्डरात लिहू शकतो, म्हणून वळवण्याचा प्रश्न उरत नाही, आणि दोन्ही प्रोग्रॅम एकाच अधिकारावर चालतात, म्हणून अक्षरे उमटतात. ही मांडणी तिने कागदावर काढून दाखवली. तो कागद आम्ही संगणकाच्या वर भिंतीला चिकटवला आहे.

फॉन्टचे काम त्यामानाने सोपे होते. विंडोज १० च्या २०१८ सालच्या एका अद्ययावत आवृत्तीपासून फॉन्टवर नुसते डबल क्लिक करून तो बसवला, तर तो त्या एका खात्यापुरता बसतो आणि जुन्या प्रोग्रॅमांना पुष्कळदा दिसत नाही. उजवी कळ दाबून सर्व वापरकर्त्यांसाठी बसवण्याचा पर्याय निवडला की तो विंडोजच्या मुख्य फॉन्ट फोल्डरात जातो. तिने सगळे फॉन्ट तसे बसवले. वर्डमध्ये मिळालेल्या एका मजकुराला मंगल फॉन्ट लागत होता आणि तो आमच्याकडे नव्हता. हा फॉन्ट आता मूळ प्रणालीबरोबर येत नाही, देवनागरीच्या पुरवणी फॉन्टांच्या संचात मिळतो आणि सेटिंग्जमधील ऐच्छिक सोयींतून विनामूल्य घेता येतो. कन्नडच्या तुंगा फॉन्टचेही तसेच आहे.

पण फॉन्ट यादीत दिसला म्हणजे काम झाले असे तिने धरले नाही, आणि याबद्दल तिचे विशेष कौतुक केले पाहिजे. तिने आमच्याकडे एक नमुना पान मागितले. आम्ही दिलेल्या पानात येळ्ळूर, मण्णूर, कडोली, बिजगर्णी अशी गावांची नावे होती, कारण आमच्या भागात ळ्ळ आणि ण्ण ही जोडाक्षरे नीट उमटली नाहीत तर पत्रिका परत येते. नवऱ्या मुलाकडील हे शब्दही होते, कारण त्यातला ऱ्य हे जुन्या फॉन्टमधले स्वतंत्र चिन्ह आहे आणि फॉन्टची आवृत्ती थोडी वेगळी असली तर त्याच जागी भलतेच काही तरी छापले जाते. तिने ते पान जुन्या छापील पत्रिकेशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिले आणि एका फॉन्टमध्ये फरक सापडल्यावर सीडीवरची मूळ फाइल पुन्हा बसवली. कन्नड मजकुराचे पान तिने स्वतःच वाचून तपासले. शेजारी उभ्या असलेल्या एका कन्नड गिऱ्हाइकाशी ती कन्नडमधून बोलत होती आणि आमच्याशी मराठीतून. आमच्या भागात हे नवलाचे नाही, पण दोन्ही लिप्यांतली चूक डोळ्यांनी पकडणारा संगणक दुरुस्त करणारा मात्र सहज सापडत नाही.

प्रिंटरचे काम मामांनी केले. अपग्रेडनंतर प्रिंटरला एक सर्वसाधारण ड्रायव्हर लागला होता, जो साधी पाने छापतो पण जाड कागदाचा पर्याय देत नाही. पत्रिकेच्या कार्डावर तो पर्याय नसला तर टोनर पुरेसा भाजला जात नाही आणि बोट फिरवले की अक्षर निघते. त्यांनी प्रिंटर बनवणाऱ्याचा पूर्ण ड्रायव्हर बसवला आणि आमचेच कार्ड घालून छापून नखाने खरवडून पाहिले. आमचा जुना स्कॅनर मात्र सुरू झाला नाही. त्याच्या निर्मात्याने नव्या प्रणालीसाठी ड्रायव्हर काढलेला नाही. पैसे देऊन घ्यायचे एक वेगळे सॉफ्टवेअर चालेल असे त्यांनी सांगितले, पण घ्या असा आग्रह केला नाही.

छापखान्यातील दुसरा, जुना संगणकही आम्ही त्यांना दाखवला. त्यावर ३२ बिटची विंडोज १० आहे आणि प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. अपात्र संगणकावर आडवळणाने विंडोज ११ बसवता येते, आणि बेळगावात तसे करून देणारे आहेत. मामांनी नको म्हटले. अशा संगणकांना पुढच्या सुधारणा मिळत राहतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, हे एक कारण. दुसरे कारण आम्हाला अधिक पटले. ३२ बिटची प्रणाली १६ बिटचे अगदी जुने प्रोग्रॅम अजून चालवू शकते, ६४ बिटची ते मुळीच चालवत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. कित्येक जुन्या सॉफ्टवेअरांचा मूळ प्रोग्रॅम ३२ बिटचा असला तरी त्यांचा सेटअप १६ बिटचा असतो, म्हणून सीडी हातात असूनही ते नव्या संगणकावर पुष्कळदा बसत नाहीत. तेव्हा हा संगणक इंटरनेटपासून तोडून जुन्या फाइली उघडण्यासाठी आणि त्यांच्या पीडीएफ काढण्यासाठी जपून ठेवावा, आणि जोडलेलाच ठेवायचा असेल तर विंडोज १० साठीच्या वाढीव सुरक्षा योजनेत नोंदवावा, असा त्यांचा सल्ला होता. घरगुती वापरासाठी ती योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. आम्ही तोडून ठेवला.

यापुढचा मार्ग युनिकोडचा, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा आहे, हे भाचीने स्पष्ट सांगितले. पेजमेकरला युनिकोड कळत नाही आणि कधी कळणारही नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर हा संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. ती रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली चित्रे असतात, आणि म्हणून फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर निरर्थक दिसतो. इनडिझाइन किंवा विनामूल्य मिळणारे स्क्रायबस यांत देवनागरी आणि कन्नड दोन्ही युनिकोडमधून नीट जुळवता येतात. तिने आमचा एक अहवाल रूपांतरित करून दाखवला. मजकूर बराचसा बरोबर आला, पण नवऱ्या या शब्दाचे नवर्या झाले होते, आणि काही फॉन्टांत ल व श हे मराठी वळणाचे न येता हिंदी वळणाचे येत होते. तिने हे लपवले नाही. रूपांतरानंतर प्रत्येक पान माणसाने वाचलेच पाहिजे, आणि मराठी वळण देणारा फॉन्ट मुद्दाम निवडला पाहिजे, असे तिने बजावले. पत्रिका घरी नेणारे आजोबा श कडे बघतातच, हे आम्हाला अनुभवाने माहीत आहे. म्हणून सराई संपेपर्यंत जुन्या पद्धतीने काम, आणि नंतर वार्षिक अहवालांपासून युनिकोडची सुरुवात, असे ठरवले आहे.

दराबाबत तक्रार नाही. तपासणीचे ३०० रुपये आधी सांगितले गेले आणि काम केल्यास ते अंतिम रकमेत धरले गेले. डिस्कची प्रत, लॉक, पेजमेकर, फॉन्ट आणि प्रिंटर मिळून २,४०० रुपये झाले. फॉरमॅट करून देण्याचा दर यापेक्षा बराच कमी असतो हे खरे आहे, पण त्यात साचे परत मिळत नाहीत. चालू न झालेल्या स्कॅनरचे पैसे लावले नाहीत.

तक्रारी आहेत त्या वेगळ्या. खर्चाचा अंदाज तोंडी दिला गेला. लिहून मागितल्यावर तो लगेच मिळाला, पण मागावा लागू नये. सराईत फोन उचलला जाईल याची खात्री नाही, आणि छापखान्यात येऊन काम करत नाहीत, संगणक तेथेच न्यावा लागतो. खडेबाजारात संध्याकाळी दुचाकी उभी करायलाही जागा मिळत नाही, त्यामुळे टॉवर, लॉक आणि सीडीचा खोका सांभाळत चालत जावे लागते. यापेक्षा गंभीर गोष्ट प्रतीची आहे. आमच्या डिस्कची जी पूर्ण प्रत काढली, तीत शेकडो कुटुंबांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक होते, शिवाय आमचे हिशेब होते. काम संपल्यावर ती प्रत दुकानाच्या डिस्कवरून पुसावी असे आम्ही सांगितले आणि आमच्या समोर ती पुसली गेली. पण हा दुकानाचा पाळायचा नियम असला पाहिजे, गिऱ्हाइकाला आठवण झाली तरच होणारी गोष्ट नव्हे. मामांना मी हे सांगितले. प्रत गिऱ्हाइकाच्याच हार्ड डिस्कवर काढायची आणि ती त्याच्याकडेच द्यायची, असे यापुढे करू, असे ते म्हणाले. तोवर जाणाऱ्याने आपली रिकामी हार्ड डिस्क बरोबर न्यावी.

ज्यांचे काम ब्राउझर आणि ऑफिसपुरते आहे, त्यांना इतक्या बारकाईची गरज नाही आणि त्यांना जवळचे कोणतेही दुकान पुरेल. पण ज्यांच्याकडे लॉकवर चालणारे जुने सॉफ्टवेअर आहे, नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमध्ये किंवा जुन्या मराठी फॉन्टांत वर्षानुवर्षांचा मजकूर आहे, त्यांनी अपग्रेडनंतर दहा दिवसांच्या आत येथे जावे, आणि शक्य असेल तर अपग्रेडच्या आधीच जावे. जाताना लॉक, मूळ सीडी, खरेदीची पावती आणि आपल्या भागातली अवघड जोडाक्षरे असलेले एक छापील पान न्यावे. अपग्रेडनंतर ज्या कोणी संगणकाला हात लावला असेल, त्याने काय बदलले ते विचारून लिहून न्यावे, कारण भाचीचा पहिला प्रश्न तोच असतो. दुपारी गर्दी कमी असते, रविवारी दुकान बंद असते.